ऑपरेशननंतरचे आठ आठवडे : कुत्र्याच्या पायाची घरची शुश्रूषा

गाडीची धडक बसलेल्या कुत्र्यांमध्ये मांडीचं हाड मोडणं ही फार वेळा दिसणारी दुखापत. या हाडाला प्लास्टर चालत नाही. प्लास्टर उपयोगी पडायचं तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या वर असतो खुबा, आणि तो जखडून ठेवता येत नाही. म्हणून डॉक्टर भूल देऊन पाय उघडतात आणि हाडात सळई घालतात किंवा त्याला धातूची प्लेट लावून स्क्रूने आवळतात. हे काम काही तासांत उरकतं. पुढचं काम घरच्यांचं असतं, आणि ते दोन-तीन महिने चालतं.

हे लिहिताना माझ्यासमोर आहे तो असाच एक रुग्ण: तरुण, १५-२० किलोचा देशी कुत्रा, मागचा एक पाय, मांडीत प्लेट. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या लॅब्रॅडॉरला किंवा नडगी मोडलेल्या पॉमेरियनलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. फरक असेल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

सगळ्यात आधी दोन मुदती लक्षात घ्या. दुखणं साधारण १० ते १५ दिवसांत बरंच कमी होतं. हाड जुळायला पिल्लाला ४ ते ६ आठवडे लागतात, मोठ्या कुत्र्याला ८ ते १२. या दोन मुदतींच्या मधला काळ सगळ्यात धोक्याचा. पाय दुखत नाही, कुत्रा खूश आहे, त्याला गेटपर्यंत धावायचंय, सोफ्यावर उडी मारायचीय, आणि आत हाड अजून कच्चं आहे. सारा भार प्लेटवर आहे. धातूवर रोज थोडा थोडा जादा ताण येत राहिला की तोही थकतो. स्क्रू सैल होतात, प्लेट वाकते, कधी तुटते. मग दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं, महाग असतं आणि यशाची खात्री कमी असते. पुढे सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट हा मधला काळ सुखरूप पार पडावा यासाठीच आहे.

कुत्रा घरी येण्याआधी

कुत्रा दवाखान्यात असतानाच घरातला एक कोपरा तयार करा. पिंजरा असेल तर उत्तम. त्यात त्याला सरळ उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा हवी. जास्त मोठी जागा दिली तर तो आत उड्या मारतो. पिंजरा नसेल तर खोलीचा कोपरा दोन बाजूंनी अडवा. लहान मुलांचं कुंपण, आडवं टाकलेलं टेबल, जुनं दार, काहीही चालेल. फक्त त्याला ढकलून पाडता येऊ नये आणि त्यावरून उडी मारता येऊ नये. जागा अशी निवडा की घरातली माणसं त्याला दिसत राहतील. एकटा बंद खोलीत ठेवलेला कुत्रा दार खरवडतो, आणि ते मागच्या दोन पायांवर उभं राहूनच खरवडतो.

फरशीकडे बहुतेक घरांत कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरा धोका तिथेच असतो. चकचकीत टाइल्स असोत की गुळगुळीत झालेली शहाबादी, तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्याचा चौथा पाय त्यावर बाहेर फाकतो. त्याच्या कोपऱ्यापासून दारापर्यंतची सगळी वाट झाकून टाका. योगाची मॅट, खालून रबर असलेली पायपुसणी, गोणपाट, यातलं काहीही चालतं. नुसती चादर किंवा सतरंजी टाकू नका, ती फरशीवरून सरकते. तिच्या खाली रबरी जाळी घाला किंवा कडा चिकटपट्टीने पक्क्या करा. तळव्यांच्या गाद्यांमधले केस वाढलेले असतील तर ते कापून घ्या आणि नखंही दवाखान्यातच कापून घ्या. त्यानेही पकड सुधारते.

पोटाखाली धरायला एक झोळी लागेल. बाजारात तयार मिळते, पण जाड कापडी बाजाराची पिशवी घेऊन तिच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या की तीच झोळी होते: मधलं कापड पोटाखाली, दोन्ही बंद वर तुमच्या हातात. मोठा पंचाही चालतो. याशिवाय जवळ ठेवा डिजिटल थर्मामीटर, थोडी व्हॅसलिन, बर्फाची पिशवी आणि एक मच्छरदाणी. मच्छरदाणी कशासाठी ते पुढे येईल.

दवाखान्यातून निघताना पाच गोष्टी लिहून घ्या: आत काय बसवलंय, पायावर वजन टाकू द्यायचं की नाही, टाके कधी काढायचे, पुढचा एक्स-रे कधी, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तो फोटो फार उपयोगी पडतो.

घरी दुचाकीवरून आणू नका. चारचाकीत मागच्या सीटवर किंवा रिक्षात दोघांनी मिळून आणा. त्याला उचलताना एक हात छातीच्या पुढून आणि दुसरा ढुंगणाच्या मागून घ्या, ऑपरेशन झालेला पाय तुमच्या अंगाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पोटाखाली एकच हात घालून उचललं तर मागचं शरीर लोंबकळतं आणि सगळा ताण नेमका मोडलेल्या जागी येतो.

पहिली रात्र

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला एक दिवस लागू शकतो. तो थरथरेल, झोकांड्या खाईल, तुम्हाला न ओळखल्यासारखं बघेल, कण्हेल. त्याला जाड अंथरुणावर, वाऱ्याच्या झोतापासून दूर झोपवा आणि अंगावर पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावू नका. गुंगीतला कुत्रा चटका बसला तरी बाजूला सरकत नाही. पाणी थोडं थोडं द्या, आणि तेही तो मान सावरून बसू लागल्यावरच. जेवण रोजच्या पाव हिश्शाइतकं: मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, किंवा दहीभात. नाही खाल्लं तरी त्या रात्री आग्रह करू नका.

लहान मुलांना त्या रात्री लांब ठेवा. वेदनेत असलेला अत्यंत प्रेमळ कुत्राही चावतो, यात त्याचा दोष नाही. चावलाच तर जखम लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याच्या बाबतीतही हे टाळू नका.

लघवी २४ तासांत व्हायलाच हवी. झाली नाही तर फोन करा. शौचाला मात्र तीन-चार दिवस लागू शकतात. ऑपरेशनच्या आधीचा उपास आणि वेदनाशामक इंजेक्शनं, दोन्हींनी पोट सुस्तावतं. जुलाबाचं औषध आपल्या मनाने देऊ नका.

औषधं

कुत्र्याचं वेदनाशामक कुत्र्याचंच असावं, हा नियम एकदाही मोडू नका. कुत्रा कळवळतोय म्हणून घरातलं क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान दिलं जातं, आणि त्याने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं किंवा यकृत निकामी होतं, कुत्रे मरतात. डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतील. ते पोट भरलेलं असतानाच द्या. आधीपासून त्वचेसाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगायला विसरू नका. ही दोन औषधं एकत्र दिली तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. उलट्या, जेवण सोडणं, डांबरासारखी काळी शौच यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच विचारा. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

जोडीला ट्रॅमाडॉल किंवा गाबापेंटिन दिलेलं असेल तर त्याने गुंगी येते. त्या काळात आधार दिल्याशिवाय चालवू नका. अँटिबायोटिकचा कोर्स जखम छान दिसू लागली तरी पूर्ण करा. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि दिलेल्या गोळीवर काट मारा. घरात तीन-चार माणसं असली की एकच गोळी दोनदा दिली जाणं अगदी सोपं असतं.

दुखतंय हे त्याच्या अंगावरूनच ओळखायचं. फार थोडे कुत्रे रडतात. बहुतेक जण धापा टाकतात, झोपायची जागा पुन्हा पुन्हा बदलतात, कान मागे घेतात, जेवणाकडे पाठ फिरवतात. थंड खोलीत निवांत पडलेला कुत्रा धापा टाकत असेल तर दुखतंय असं समजा.

जखम आणि टाके

पहिले तीन दिवस बर्फाने शेका. बर्फाची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून टाक्यांच्या जागेवर १० ते १५ मिनिटं ठेवायची, दिवसातून तीन-चार वेळा. याने सूज आणि दुखणं दोन्ही उतरतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून, जखम कोरडी आणि थंड लागत असेल तर, कोमट फडक्याने शेकलं तरी चालतं. आधी ते स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

दिवसातून दोनदा चांगल्या उजेडात जखम बघा आणि रोज सकाळी एकाच बाजूने फोटो काढा. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी लाली, थोडी सूज, पाण्यासारखा किंचित लालसर स्राव हे सगळं चालतं. सूज हळूहळू खाली उतरून घोट्याच्या आसपास गोळा झालेली दिसली तरी घाबरू नका. पाणी उताराकडेच जातं. घट्ट पिवळा-हिरवा पू, घाण वास, उघडा पडलेला टाका, किंवा चौथ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढणारी सूज, हे चालत नाही.

जखमेवर हळद लावू नका. खोबरेल तेल, कडुलिंबाचा लेप, पावडर, स्पिरिट, काहीच लावू नका. टाक्यांची जागा कोरडी राहिली पाहिजे, आणि लेपाखाली काय चाललंय ते दिसत नाही. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर तेवढंच. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस आंघोळ नाही. अंगाला वास येत असेल तर ओल्या फडक्याने बाकीचं अंग पुसा.

गळ्यातली शंकूसारखी कॉलर दिवसरात्र राहिली पाहिजे. “मी बघतेय ना, काढू या थोडा वेळ” असं म्हणून घरोघरी ती काढली जाते, आणि तुम्ही चहा गाळायला उठता तेवढ्यात टाके सुटतात. कुत्र्याची जीभ जंतुनाशक असते हा गैरसमज आहे. तोंडातले जंतू जखमेत जातात आणि खरबरीत जिभेने कातडी सोलवटते. पहिला दिवस तो दाराला, भिंतीला आपटेल, रुसून बसेल, मग सरावेल. पाण्याचं भांडं कॉलरच्या तोंडात बसेल एवढं अरुंद घ्या आणि चार बोटं उंचावर ठेवा.

आता मच्छरदाणी. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हा माश्यांचा काळ. ओल्या जखमेवर माशी बसली, तिने अंडी घातली की एक-दोन दिवसांत अळ्या दिसू लागतात आणि त्या झपाट्याने मांसात उतरतात. म्हणून पिंजऱ्यावर दिवसाही मच्छरदाणी टाका, अंथरूण रोज बदला, लघवीने ओलं झालेलं कापड क्षणभरही तसंच ठेवू नका. जखमेत बारीक भोक, विचित्र गोड-कुजका वास किंवा आत काही वळवळताना दिसलं तर घरी औषध ओतत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

याच काळात गोचिडांवरही नजर ठेवा: कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचा बुडखा. गोचिडांमुळे होणारा ताप रक्तातल्या प्लेटलेट कमी करतो आणि ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला तो फार महागात पडतो. ताप घेताना लक्षात ठेवा की कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात घ्यायचं. १०३ च्या वर गेलं, किंवा हिरड्या गुलाबीच्या ऐवजी फिकट पांढऱ्या दिसल्या, तर थांबू नका.

मांडीच्या प्लेटला बहुधा मोठं बँडेज नसतं. नडगीचं किंवा पुढच्या पायाचं ऑपरेशन असेल तर मात्र असतं, आणि मग रोज दोनदा त्याच्या खालून डोकावणारी मधली दोन बोटं बघायची. ती एकमेकांपासून फाकलेली, सुजलेली किंवा थंडगार लागली तर बँडेज घट्ट झालंय. त्याच दिवशी सोडवून घ्या. बाहेर नेताना त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरात आल्या आल्या काढा. तासन्‌तास पिशवी ठेवली तर आत घाम साचून कातडी कुजते. पावसात भिजलेलं बँडेज वाळण्याची वाट बघू नका, ते बदलायचंच असतं. कातडीबाहेर सळया आणि त्यांना जोडणारा दांडा असेल तर त्या सळयांच्या मुळांशी जमणारी खपली कशी पुसायची ते डॉक्टरांकडून हाताने करून दाखवून घ्या, आणि ती टोकं अंथरुणात किंवा पिंजऱ्याच्या जाळीत अडकणार नाहीत अशी गुंडाळून ठेवा.

शी-शूला नेताना

दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी पाच मिनिटं, आखूड पट्ट्याने. पट्टा गळ्याऐवजी छातीला असेल तर बरं. झोळी मागच्या पायांच्या पुढे, पोटाखाली घ्या. नर असेल तर ती थोडी मागे-पुढे करून लघवीची जागा मोकळी सोडा, नाहीतर तो अवघडून लघवी करतच नाही. झोळीने कुत्र्याला उचलायचं नसतं. तो घसरला तर सावरता यावं एवढाच ताण हातात ठेवा. पाय जमिनीला लागू द्या. पुढच्या पायाचं ऑपरेशन असेल तर झोळी छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे.

जिना चढू-उतरू द्यायचा नाही, तीन पायऱ्याही नाहीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे रोज उचलून करावं लागतं आणि २० किलोचा कुत्रा दिवसातून पाच वेळा उचलणं हे दोन माणसांचं काम आहे. अशा वेळी गच्चीत किंवा गॅलरीत प्लास्टिकवर माती आणि थोडं गवत पसरून जागा करा. घरात कधी न केलेला कुत्रा फरशीवर दिवसभर धरून ठेवतो. पायाखाली माती लागली की करतो. पहिल्या दिवशी त्याच्याच लघवीचं ओलं कापड त्या मातीवर ठेवा, म्हणजे वासाने त्याला जागा कळते.

तिसरा ते आठवा आठवडा

टाके निघालेले असतात. कॉलर गेलेली असते. पाहुणे म्हणतात, “अरे, हा तर बरा झाला!” आणि घरातलं कुणीतरी पिंजऱ्याचं दार उघडतं. प्लेट वाकल्याच्या किती तरी गोष्टी याच आठवड्यांत घडतात. एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत घरातसुद्धा त्याला मोकळं सोडायचं नाही. तो पिंजऱ्यात तरी असेल किंवा पट्ट्याने तुमच्या हातात तरी.

धावायला, उडी मारायला लावणाऱ्या गोष्टी आधीच हेरून काढून टाका. दाराची बेल बंद करा आणि येणाऱ्यांना फोन करायला सांगा. खिडकीतून मांजर दिसत असेल तर खिडकीला खालपर्यंत पडदा लावा. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांच्या मध्ये जाळी ठेवा. प्रेमाने केलेली कुस्तीही कुस्तीच असते. सोफा आणि पलंग पूर्ण वर्ज्य. रात्री तुमच्याजवळ झोपायची सवय असेल तर तुम्ही खाली गादी टाका.

ऑपरेशनच्या तारखेपासून आठ आठवडे मोजा आणि त्यात गणपती किंवा दिवाळी येते का ते बघा. ढोल-ताशाला आणि फटाक्यांना घाबरून कुत्रा क्षणात सगळ्या ताकदीने उसळी घेतो. अशा वेळी पिंजराही पुरत नाही. डॉक्टरांशी आठवडाभर आधी बोला. भीती कमी करणारी गोळी ते वजनावरून ठरवून देतात, आणि ती आवाज सुरू होण्याच्या आधी द्यायची असते. आपल्याकडच्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. त्या रात्री आतली खोली निवडा, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आणि एक माणूस त्याच्या शेजारी.

डांबून ठेवलेल्या तरुण कुत्र्याच्या डोक्याला काम हवं. जेवण भांड्यात देऊच नका. पोळीचे तुकडे, चिकनचे तुकडे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, तो हुंगून हुंगून काढेल. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून गोठवा; तासभर चाटत बसतो. “बस”, “थांब”, नाकाने तुमच्या तळव्याला शिवणं, असे बसल्या जागेचे धडे दिवसातून दोन-तीनदा पाच पाच मिनिटं द्या. नाक आणि डोकं वापरून कुत्रा चालण्याइतकाच दमतो, आणि दमलेला कुत्रा झोपतो.

पायाचे व्यायाम

पायाला आराम द्यायचा म्हणजे तो हलवायचाच नाही, असं बहुतेकांना वाटतं. मांडीच्या हाडाच्या बाबतीत ही समजूत पाय घालवू शकते. विशेषतः वर्षाच्या आतला कुत्रा आणि मोड गुडघ्याजवळ असेल तर मांडीचा पुढचा स्नायू नव्या हाडाला चिकटून आखडतो. गुडघा वाकेनासा होतो, पाय मागे ताठ राहतो आणि घासत जातो. एकदा ते पक्कं झालं की पुन्हा सरळ करणं जवळपास अशक्य. म्हणून गुडघा हलता ठेवायला कधी सुरुवात करायची हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, आणि ते स्वतःच्या हाताने करून दाखवत असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

पद्धत अशी. त्याला चांगल्या पायाच्या कुशीवर झोपवा. पाच मिनिटं कोमट शेक द्या. एक हात गुडघ्याच्या लगेच वर, दुसरा लगेच खाली. दोन्ही हात सांध्याजवळ, म्हणजे मोडलेल्या जागी पिळा बसत नाही. गुडघा सावकाश वाकवा. जिथे पहिला अडथळा लागेल तिथे थांबा, पाच आकडे मोजा, सावकाश सरळ करा. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. त्याने मान वळवली, ओठ चाटले, अंग ताठ केलं तर तिथपर्यंतच. जोर लावायचा नसतो. मात्र गुडघा दिवसेंदिवस कमी वाकतोय असं वाटलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

चालणं हा उत्तम व्यायाम आहे, पण ते हळू हवं. भरभर चालवलं तर कुत्रा दुखरा पाय उचलतो आणि तीन पायांवर धावतो. एखाद्या आजोबांबरोबर चालल्यासारखं चाला, म्हणजे चौथा पाय आपोआप जमिनीला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडणं वाढलेलं नसेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वाढलं असेल तर एक पायरी मागे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात “बस-ऊठ” पाच पाच वेळा, घट्ट पकड असलेल्या जमिनीवर आणि नीट चौरस बसवून. सहाव्या आठवड्यानंतर डॉक्टर हो म्हणाले तर झाडूचे दांडे जमिनीवर हातभर अंतराने ठेवून त्यांच्यावरून संथ चालवा. प्रत्येक पाय उचलून टाकावा लागतो. दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने दर पंधरवड्याला मोजा. वाळलेली मांडी भरत येतेय हे डोळ्यांच्या आधी टेप सांगते.

एक खूण कधीही दुर्लक्षू नका. काल पाय टेकवत होता, आज अचानक उचलून धरलाय. असं झालं तर प्लेट, स्क्रू किंवा आत झालेला संसर्ग यांपैकी काहीतरी आहे असंच धरा. गोळी देऊन दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा.

खाणं

हाड मोडलंय म्हणून हाडं खायला घालायची, ही आपल्याकडची पक्की समजूत. शिजवलेलं हाड फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे घशात, आतड्यात अडकतात. पायाचं सूप करायचं असेल तर कांदा, लसूण आणि मसाला न घालता करा, वरची चरबी काढून टाका आणि हाड देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कॅल्शियमच्या गोळ्या नीट संतुलित आहार घेणाऱ्या कुत्र्याला लागत नाहीत, आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला त्या अपायच करतात. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मांसावर वाढलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याच्या आहाराबद्दल डॉक्टरांशी बोला.

लागतात ती प्रथिनं: अंडी, चिकन, मासळी, पनीर. आणि एकूण जेवण साधारण पाव हिश्शाने कमी, कारण हालचाल बंद आहे. दया येऊन जास्त खाऊ घातलेला कुत्रा दोन महिन्यांत दोन किलो वाढतो आणि ते दोन किलो त्याच पायावर पडतात. बरगड्या हाताला लागत राहिल्या पाहिजेत.

एक्स-रेनंतर

सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे होतो. हाड जुळलेलं दिसलं तरी त्याच दिवशी मैदानात सोडू नका. स्नायू अजून अर्धेच आलेले असतात. आणखी महिनाभर पट्ट्याने चालवत अंतर वाढवा, मग थोडा चढ, मग थोडं दुडक्या चालीने, आणि शेवटी मोकळं. प्लेट बहुधा आयुष्यभर आतच राहते. त्रास देत नसेल तर काढायची गरज नसते. खर्चाची अडचण असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला आणि शिरवळला ती आहेत.

हे सगळं घरच्या कुत्र्याला मिळतं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी लोक वर्गणी काढतात, डॉक्टर फी कमी करतात, आणि पुढे आठवड्याभरात तो पुन्हा त्याच चौकात, त्याच गाड्यांमध्ये सोडला जातो, कारण त्याला ठेवायला कुणाकडे जागा नसते. पैसे देणारे दहा जण भेटतात, कोपरा देणारा एक भेटत नाही. तुमच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीशेजारची रिकामी खोली, वापरात नसलेलं गॅरेज, बंद गाळा असेल तर सभेत विषय काढा आणि आठ आठवड्यांसाठी ती जागा मागून घ्या. सांभाळणाऱ्यांनी रेबीजची लस आधी घ्यावी, पाळ्या लावाव्यात, फ्रिजवरचा तो गोळ्यांचा कागद तिथे भिंतीवर चिकटवावा, आणि एक्स-रे बघितल्याशिवाय दार उघडू नये.